एकच अणू, जागच्या जागी

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 अंशांवर जातो, तेव्हा आपल्या भोवतीच्या हवेतले रेणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने धावत असतात. त्यातला एखादाच थांबवून निरखायचा म्हटले तर? एकट्या अणूवर प्रयोग आपण कधी करतच नाही, असे 1952 साली खुद्द थोर भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगरने लिहिले होते. तीस वर्षांच्या आत, 1980 साली, हाइडेलबर्गमध्ये बेरियमच्या एकट्या विद्युतभारित अणूचा फोटो निघाला.

अणूला थांबवतात ते लेसरने. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो. सारी करामत त्या गुणाची आहे.

प्रकाशाने वस्तू तापते हा आपला रोजचा अनुभव. इथे मात्र त्यानेच गारवा येतो. प्रकाशाचा प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, अणूला किंचित ढकलतो. समोरून आलेल्या एका फोटॉनने रुबिडियमच्या अणूचा वेग सेकंदाला जेमतेम 6 मिलिमीटरने घटतो. 300 मीटरचा वेग मोडायला असे 50 हजार धक्के लागतात, आणि तेही समोरूनच बसायला हवेत. ते कसे साधायचे? सोलापूर स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो. लेसरकडे धावणाऱ्या अणूलाही प्रकाशाची कंपनसंख्या अशीच चढी भासते. म्हणून लेसर मुद्दाम, अणू जी कंपनसंख्या शोषतो तिच्या थोडा खाली लावतात. समोरून येणारा अणू तो प्रकाश शोषतो, दूर जाणारा जवळजवळ शोषत नाही. सहा दिशांनी झोत सोडले की अणू कुठेही वळो, त्याला समोरूनच अडवले जाते. काही मिलिसेकंदांत तो निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत थंडावतो. या कामासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना 1997 चे नोबेल मिळाले.

विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, असेल तर त्याला बदलत्या विद्युतक्षेत्रात धरून ठेवता येते. ऑक्सफर्डच्या डेव्हिड नॅडलिंगर यांनी साध्या कॅमेऱ्याने टिपलेला असा फोटो 2018 मध्ये जगभर गाजला. धातूच्या दोन टोकांमध्ये 2 मिलिमीटरची फट आणि तिच्या मधोमध एक फिकट ठिपका. तो ठिपका म्हणजे स्ट्रॉन्शियमच्या एकाच अणूने फेकलेला प्रकाश!

हे काम आता पुण्यातही चालते. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या संशोधन संस्थेमध्ये सुभदीप डे यांचा गट यटर्बियमच्या एका आयनावर चालणारे घड्याळ घडवतो आहे. आजचा सेकंद सीझियमच्या 919 कोटी 26 लाख 31 हजार 770 कंपनांवर मोजला जातो. यटर्बियमच्या निळ्या प्रकाशाची कंपने सेकंदाला सुमारे 642 लाख कोटी, म्हणजे जवळपास 70 हजार पट. मोजपट्टीच्या खुणा जितक्या दाट, तितके माप नेमके. एक सेंटिमीटर उंचीच्या फरकाने काळाच्या गतीत पडणारा फरकही जगातल्या सर्वोत्तम अणुघड्याळांना कळतो. जवळच पाषाणला, आयसरमध्ये, उमाकांत रापोल यांचा गट अतिशीत अणूंवर प्रयोग करतो.

सोलापुरात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हे पुस्तकात वाचून थांबू नये. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी आयुकाची दारे सर्वांसाठी उघडण्याची प्रथा आहे. सकाळची गाडी धरा आणि मनातले प्रश्न तिथल्या संशोधकांनाच विचारा.