जननेंद्रियावरचा फोड : प्रत्येक वेळी गुप्तरोगच असतो का?

जननेंद्रियावर एखादा फोड दिसला की भल्याभल्या सुशिक्षितांची विचारशक्ती बधिर होते. ताप आला तर माणूस घरात सांगतो, दाढ दुखली तर कचेरीत सांगतो. हा फोड मात्र कोणालाच सांगता येत नाही. मग रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर छायाचित्रे चाळली जातात आणि त्यातले प्रत्येक आपल्याच फोडासारखे दिसू लागते. काही जण औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात एखादे मलम मागतात. या दोन्ही मार्गांनी निदान लांबते. मनात घोळणारे प्रश्न मुळात दोनच असतात : हा लैंगिक संबंधातून झालेला संसर्ग आहे का, आणि असल्यास तो कोणाकडून आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मिळते. दुसऱ्याचे अनेकदा मिळतच नाही, आणि त्या न मिळणाऱ्या उत्तरापायी चांगले संसार विस्कटतात.

या भागात दिसणारी प्रत्येक पुळी संसर्गाची नसते. शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत असणारे त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे हा आजार नव्हे. ती शरीराची नैसर्गिक ठेवण आहे. फिकट पिवळसर ठिपके म्हणजे त्वचेतील तैलग्रंथी. केस काढल्यानंतर केसाच्या मुळाशी पू धरू शकतो, घर्षणाने कातडी सोलवटते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ आणि घरातल्या इतरांनाही तोच त्रास असेल, तर खरजेचा संशय घ्यावा. लाली, पांढरट थर आणि त्वचेला पडलेल्या चिरा ही बहुधा बुरशीची लक्षणे असतात. ती वारंवार होत असतील तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे, कारण मधुमेहाचा पत्ता कधीकधी असाच प्रथम लागतो.

गोळीमुळे उठणारा फोड

सर्वाधिक फसवणारा प्रकार औषधांमुळे होतो. त्वचारोगतज्ज्ञ त्याला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. एखादी गोळी घेतल्यानंतर काही तासांत, कधी दिवसा-दोन दिवसांत, लालसर-जांभळा गोल चट्टा उठतो, त्याची आग होते आणि काही वेळा त्यावर पाण्याने भरलेला फोड येतो. ओठ आणि जननेंद्रिय या त्याच्या आवडत्या जागा. फोड बरा झाला तरी काळपट डाग राहतो. तीच गोळी पुन्हा घेतली की नेमक्या त्याच जागी पुन्हा फोड उठतो. सल्फा गटातील कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके, जुलाबावर सर्रास घेतली जाणारी नॉरफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल किंवा ऑर्निडॅझोल अशी अनेक औषधे त्याला कारण ठरतात. यातली गंमत (तिला गंमत म्हणायचे तर) अशी की गुप्तरोगाच्या धास्तीने माणूस आपल्याच मनाने एखादे प्रतिजैविक घेतो, त्यानेच पुन्हा फोड येतो आणि आपला रोग 'उलटला' अशी त्याची खात्री पटते. म्हणूनच अनुभवी डॉक्टर संबंधांविषयी विचारतात तसाच आणखी एक प्रश्न विचारतात : फोड येण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत कोणती गोळी घेतली होती?

हर्पिस : अनेकांत असलेला, थोड्यांना ठाऊक असलेला

लैंगिक संसर्गापैकी 'फोड' या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र असलेला आजार म्हणजे हर्पिस. संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत आधी मुंग्या किंवा टोचल्यासारखी जाणीव होते. मग लालसर त्वचेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो. दोन-तीन दिवसांत ते फुटतात आणि उथळ, ठणकणाऱ्या जखमा उरतात. पहिल्या खेपेला ताप, अंगदुखी, लघवी करताना आग आणि जांघेत अवधाण अशा तक्रारी असू शकतात, आणि पूर्ण बरे होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पुढच्या खेपा सौम्य असतात. हा विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळील मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. त्यामुळे औषधाने त्याचे उच्चाटन होत नाही, पण त्याला आवर घालता येतो. त्यासाठी दिले जाणारे असायक्लोव्हिर हे औषध आज सहज मिळते. त्याच्या विकासाशी नाव जोडलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. औषध लवकर सुरू केल्यास त्रासाचे दिवस कमी होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना, म्हणजे पाचात एकाहून अधिक जणांना, जननेंद्रियाचा हर्पिस संसर्ग आहे. त्यांतील बहुतेकांना काहीच लक्षणे नसतात किंवा अगदी किरकोळ असतात. संशयाने पोखरलेल्या जोडप्यांनी नेमकी हीच बाब समजून घेतली पाहिजे. विषाणू वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो आणि लग्नाला दहा वर्षे झाल्यावर पहिला फोड दिसू शकतो. तो फोड जोडीदाराच्या अलीकडच्या वर्तनाचा पुरावा ठरत नाही. शिवाय ओठाच्या कडेला 'ताप फुटला' असे आपण ज्याला म्हणतो, तो याच कुळातील पहिल्या प्रकारच्या विषाणूचा उद्योग असतो. मुखमैथुनातून तो जननेंद्रियावर पोहोचू शकतो. दोघांच्या नात्यात तिसरे कोणी नसतानाही हर्पिस होऊ शकतो, तो असा. कंबरेच्या किंवा मांडीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आले तर ती नागीण असते. तिचा विषाणू कांजिण्यांचा आहे, आणि लैंगिक संबंधाशी तिचा संबंध नाही.

न दुखणारी जखम अधिक घातक

ठणकणाऱ्या फोडाने माणूस घाबरतो आणि निदान डॉक्टरांकडे तरी जातो. उपदंश म्हणजे सिफिलिस याच्या उलट वागतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कमीत कमी ९, जास्तीत जास्त ९० दिवसांनी) बहुधा एकच, कडक बुडाचा, न दुखणारा व्रण येतो आणि उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो; जंतू मात्र रक्तात शिरलेले असतात. पुढे अंगावर, तळहातांवर पुरळ येते आणि दुर्लक्ष झाल्यास काही वर्षांनी हृदय व मेंदूवर परिणाम होऊ शकतो. व्हीडीआरएल ही रक्तचाचणी स्वस्त आहे, मात्र व्रण अगदी ताजा असताना ती नकारात्मक येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सुरुवातीच्या अवस्थेतील रोग बेंझाथिन पेनिसिलिनच्या एका मात्रेत बरा होतो.

रक्ततपासणीबाबत मोठा गोंधळ आहे. हर्पिसची 'आयजीएम' चाचणी अनेक जण स्वतःहून करून घेतात. निदानासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. 'आयजीजी' सकारात्मक आली तर कधीतरी संसर्ग झाला एवढेच कळते, केव्हा आणि कुठे ते नाही. पहिल्या प्रकारच्या विषाणूचा संसर्ग तर असंख्य लोकांना बालपणीच झालेला असतो. खरा पुरावा ओल्या फोडातल्या द्रवात असतो. त्यावर पीसीआर चाचणी करता येते, किंवा सरकारी रुग्णालयांत आजही केली जाणारी साधी झांक स्मिअर तपासणी.

एड्सची भीती या साऱ्याच्या मुळाशी असते. फोड आला म्हणजे एचआयव्ही झाला असे नव्हे, पण जखमेतून त्या विषाणूचा शिरकाव सोपा होतो. त्यामुळे चाचणी करावीच. मात्र संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो. चौथ्या पिढीची चाचणी सुमारे ४५ दिवसांनी विश्वासार्ह ठरते, केवळ प्रतिद्रव्ये शोधणाऱ्या चाचणीसाठी तीन महिने थांबावे लागते. जोखमीचा संबंध ७२ तासांच्या आतला असेल तर प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात, आणि तिथे तासातासाला महत्त्व आहे. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि निकाल उघड करण्यास मनाई केली आहे.

लोकल गाड्यांच्या डब्यांत 'गुप्तरोगावर खात्रीचा इलाज' अशी चिठ्ठी अनेकांनी पाहिली असेल. अशा जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे त्या चिठ्ठ्यांवर अर्थातच लिहिलेले नसते. आपल्याकडे त्वचारोग आणि गुप्तरोग हे एकाच अभ्यासक्रमाचे विषय आहेत, म्हणून सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. स्त्रियांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडेही जाता येते. गर्भवतीने तर फोड मुळीच लपवू नये. शेवटच्या तिमाहीत हर्पिस पहिल्यांदाच झाला तर बाळाला धोका मोठा असतो, आणि बाळंतपण कसे करायचे हे त्यावर ठरते. खर्चाची अडचण असल्यास सरकारी रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. १०९७ या क्रमांकावरही विनाशुल्क माहिती मिळते.

तोवर फोड फोडू नये, जखम भरेपर्यंत संबंध टाळावेत आणि दुकानातले स्टेरॉइडयुक्त मलम लावू नये. त्याने लाली उतरते, पण निदानाची खूणही पुसली जाते. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळत असेल, तर ओल्या फोडाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे आणि आधीच्या आठवड्यात घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.