अकरा हजार धावांची वाटचाल

आपल्या देशात क्रिकेट पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मात्र बहुतेकांच्या परिचयाचे असतात ते आंतरराष्ट्रीय सामने आणि त्यांत खेळणारे खेळाडू. हे खेळाडू ज्या मोठ्या समूहातून निवडले जातात, तो समूह देशांतर्गत सामन्यांत घडत असतो. तेथे प्रेक्षागृहे बहुधा रिकामी असतात आणि वर्षानुवर्षे उत्तम खेळूनही अनेकांची नावे सर्वदूर पोहोचत नाहीत. मुंबईचे फलंदाज अमोल मुझुमदार यांची कारकीर्द या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम, या क्रिकेटचे स्वरूप पाहू. किमान तीन दिवसांचा आणि प्रत्येक संघाला दोन डाव खेळण्याची संधी देणारा सामना म्हणजे प्रथम श्रेणीचा सामना. भारतात अशा सामन्यांची सर्वांत महत्त्वाची स्पर्धा म्हणजे रणजी करंडक. १९३४-३५ च्या हंगामात सुरू झालेल्या या स्पर्धेला नवानगरच्या रणजितसिंहजींचे नाव देण्यात आले. येथे फलंदाजाची कसोटी लागते ती संयमाची. नव्या चेंडूला तोंड द्यायचे, झिजलेल्या खेळपट्टीवर फिरकी खेळायची आणि तासन्‌तास एकाग्रता टिकवायची. एका दिवसाच्या आतषबाजीने हे साधत नाही.

मुझुमदार यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९७४ रोजी मुंबईत झाला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली ते तयार झाले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत याच शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसले होते तेरा वर्षांचे मुझुमदार. जोडी फुटली नाही आणि त्यांना फलंदाजीला उतरावेच लागले नाही.

१९९३-९४ च्या हंगामात ते मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळले. फरिदाबाद येथे हरियाणाविरुद्धच्या या सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीतील पदार्पणात इतक्या धावा तोवर जगात कोणीही केल्या नव्हत्या. हा विक्रम डिसेंबर २०१८ पर्यंत टिकला. मध्य प्रदेशच्या अजय रोहेरा याने नाबाद २६७ धावा करून तो मोडला.

अशा आरंभानंतर भारतीय संघाचे दार लवकरच उघडेल, असे अनेकांना वाटले. परंतु संघातील मधल्या फळीच्या जागा मोजक्याच असतात. तेंडुलकर तेथे आधीच स्थिरावले होते. १९९६ मध्ये सौरव गांगुली, राहुल द्रविड आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी कसोटी पदार्पण केले आणि पुढे बराच काळ या चौघांनी ती फळी सांभाळली. मुझुमदार धावा करीत राहिले, पण भारताकडून खेळण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. यात त्यांच्या खेळाचे उणेपण जितके शोधावे, त्याहून अधिक त्या काळाची समृद्धी दिसते. गुणवत्ता असली, तरी जागा रिकामी असणे खेळाडूच्या हाती नसते. ज्याच्या वाट्याला असा काळ आला, त्याला मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

त्याच्या हाती उरतो तो पुढचा डाव. २००६-०७ च्या हंगामात मुझुमदार मुंबईचे कर्णधार होते. पहिले तीनही सामने मुंबईने गमावले. त्यानंतर संघ सावरला. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तर दुसऱ्या डावात एकही धाव झालेली नसताना मुंबईचे पाच फलंदाज बाद झाले होते. तोही सामना संघाने जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडक मिळवला. २००९ मध्ये मुझुमदार यांनी मुंबईचा संघ सोडला. पुढे ते आसामकडून आणि नंतर आंध्रकडून खेळले. ज्या संघांना मुंबईसारखी परंपरा नव्हती, त्यांना त्यांच्या अनुभवाचा लाभ झाला.

२०१४ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके होती. एकूण धावांना जितक्या वेळा फलंदाज बाद झाला त्या संख्येने भागले की सरासरी मिळते. त्यांची सरासरी ४८ हून अधिक होती. वीस वर्षे, वेगवेगळ्या मैदानांवर आणि तीन संघांकडून खेळताना ती टिकवणे, हे सातत्याचे निदर्शक आहे.

निवृत्तीनंतर ते प्रशिक्षणाकडे वळले. मुंबईच्या संघाला त्यांनी मार्गदर्शन केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. २०२५ च्या विश्वचषक स्पर्धेत हा संघ साखळी फेरीत लागोपाठ तीन सामने हरला. टीकाही झाली. तीन पराभवांनंतर संघाला सावरणे मुझुमदार यांना नवे नव्हते. उपांत्य सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला नमवले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक प्रथमच जिंकला. विजयानंतर कर्णधार हरमनप्रीत कौरने मैदानातच आपल्या प्रशिक्षकांच्या पाया पडून त्यांना मिठी मारली.

या विजयाने मुझुमदार यांच्या न खेळलेल्या कसोटी सामन्यांची भरपाई झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अचूक नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे आजही काही नाही. मात्र त्या रिकाम्या रकान्यावरून ११,१६७ धावांचे मोल ठरत नाही. त्या धावा विश्वचषकाच्या आधीही तेवढ्याच मोलाच्या होत्या. अनेकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले ते नंतर.