रोल नंबर 31

पहाटे चारला बहरीनमध्ये, मनामात माझा फोन थरथरतो. सांगलीत तेव्हा साडेसहा झालेले असतात. रोल नंबर 12 फिरायला बाहेर पडलेला असतो आणि कृष्णेच्या घाटाचा फोटो आमच्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर येऊन पडतो. मग दिवसभर बातम्यांची रांग. कुणाची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट, आता ठणठणीत. कुणाच्या मुलीला कॅनडाचा व्हिसा मिळाला. कुणी व्हीआरएस घेऊन कवठेमहांकाळला द्राक्षबाग धरली. गुडघ्यांच्या बातम्या पूर्वी आईवडिलांच्या असायच्या, आता त्या आमच्याच असतात.

परवा एकाला नव्याने ग्रुपात घेतलं. टक्कल, जाड काचांचा चष्मा, शेजारी नातू. चेहरा बघताक्षणी ओळखला, पण नाव काही केल्या ओठावर येईना. आला तो आकडा: 44. कॉलेजच्या वर्कशॉपच्या दाराशी हजेरी घेणाऱ्या आवाजासकट आला.

या गमतीचा अभ्यास झालेला आहे. हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1975 साली 392 माणसांच्या आठवणी तपासल्या. शाळा सोडून कुणाला काही महिने झालेले, कुणाला जवळजवळ पन्नास वर्षं. त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले फोटो परक्या मुलांच्या फोटोंत मिसळून पुढे ठेवले. चौतीस-पस्तीस वर्षांनंतरही आपल्या वर्गातले चेहरे शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखले जात होते. कागद देऊन नुसती नावं लिहायला सांगितली की मात्र यादी वर्षागणिक आखडत जायची. चेहऱ्याची कोठी वेगळी आणि नावाची वेगळी, आणि नावाच्या कोठीचं दार गंजतं. आम्हाला कॉलेज सोडून बत्तीस वर्षं झाली. म्हणजे चेहऱ्यांच्या बाबतीत अजून चिंता नाही.

पण मला खरं नवल वाटतं ते रोल नंबरांचं. आमच्याकडे ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, आडनावावरून पडायचे. पाटलांचीच जवळपास एक बॅच भरायची. प्रॅक्टिकलला शेजारचं मशीन कुणाचं, व्हायवाच्या वेळी दाराबाहेर घाम पुसत कुणाजवळ उभं राहायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कुणाचं उतरवायचं, हे सगळं आडनावाच्या पहिल्या अक्षराने आधीच ठरवून टाकलेलं. आम्हाला वाटायचं, मैत्री आपण केली. अमेरिकेत मॅडी सीगल या बाईंनी मेरीलँडच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना त्यांचे जवळचे मित्र कोण ते विचारलं. तिथे बसण्याच्या जागा आणि खोल्या आडनावाच्या क्रमाने दिलेल्या होत्या. मित्रांच्या नावांत वय, धर्म, आवडीनिवडी यांपेक्षा वर्णमालेतलं शेजारपण जास्त उठून दिसलं. हा निबंध 1974 सालचा. पत्रिका जुळवणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

माझा नंबर 30. शेजारी 31.

31 आणि मी काही जिवाभावाचे नव्हतो. पास झाल्यावर पाच वर्षं आमचं एक पोस्टकार्डही नाही. 1998 साली मुंबईत दादर स्टेशनच्या पुलावर तो समोरून आला, आणि गर्दीने ढकलत दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत त्याने मला सांगितलं की बहरीनमध्ये सित्र्याला त्याच्या कंपनीला मेंटेनन्सची माणसं हवीत. सख्ख्या मित्रांपैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. कसं असेल? त्यांना जे माहीत ते मला आधीच माहीत होतं, आम्ही एकाच कट्ट्यावर बसत होतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली नेमकं हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने खबर दिली त्याला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? 'वारंवार' म्हणणारे शंभरात सतराच्या आसपास निघाले. बाकीचे म्हणाले, अधूनमधून, नाहीतर क्वचितच. खबर देणारा बऱ्याचदा जुना कॉलेजमित्र किंवा पूर्वीचा सहकारी होता, जवळजवळ विसरलेला. नव्या खबरा अशा सैल धाग्यांवरून येतात. 2011 साली डॅनियल लेव्हिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बरीच वर्षं न बोललेल्या ओळखीच्या माणसांकडे कामाबाबत सल्ला मागायला लावलं. सल्ला नवा आणि उपयोगी निघाला, आणि जुना विश्वास तसाच टिकून होता. ग्रुपवर वीस वर्षांनी कुणी 'अरे, कारखान्यातल्या बॉयलरबद्दल विचारायचं होतं' म्हणतो आणि तासाभरात तीन उत्तरं येतात, ती काही उगीच नाहीत.

बहरीनला मुंबईकडच्या खबरीची सवय जुनी आहे. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे, तेव्हा तिकडच्या भावावर इथल्या घराघरांतली चूल अवलंबून. 1884 साली इथे टपाल कचेरी निघाली ती हिंदुस्थानच्या टपालखात्याची. 1933 पासून आपल्याच तिकिटांवर 'बहरीन' छापून ती इथे चालवली. 1948 मध्ये ब्रिटिश तिकिटं आली, पण त्यांच्यावरही किंमत छापली आण्यांत आणि रुपयांत. रुपया इथून गेला तो 1965 साली, दिनार आल्यावर.

आता खबर समुद्राच्या तळावरून येते. 2006 मध्ये सुरू झालेली 'फाल्कन' केबल मुंबईला बहरीनसह आखाती देशांशी जोडते. आत केसासारखे काचेचे तंतू, आणि त्यांतून उजेडाची उघडझाप. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते मनामा सुमारे चोवीसशे किलोमीटर, म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग. मेसेज सरळ येत नाही, ग्रुप चालवणाऱ्या अ‍ॅपच्या सर्व्हरला वळसा घालून येतो, तरी पापणी लवायच्या आसपासच. आणि एवढं सगळं किती नाजूक! 2008च्या फेब्रुवारीत ही केबल दुबईजवळ तुटली. दुरुस्तीला गेलेल्यांना तिथे कुणीतरी टाकून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर सापडला.

काचेतून धावणाऱ्या उजेडाचं हे वाचलं तेव्हा मला जीटी आठवली. ग्लास ट्रेसिंग. टेबलावर काच, काचेखाली शंभरचा बल्ब, वर 31ची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर माझी कोरी. रात्रभर त्याच्या रेघा उजेडातून माझ्या कागदावर चढायच्या. एकदा त्याची चुकलेली डायमेन्शनही मी इमानेइतबारे उतरवली, आणि दोघांच्या शीटवर एकाच जागी लाल शेरा पडला.

जूनमध्ये 31 गेला. झोपेतच. इस्लामपूरला परत जाऊन त्याला चार वर्षं झाली होती.

त्याचा नंबर ग्रुपातून कुणी काढला नाही. आता ग्रुपवरच्या खुणांचं गणित असं आहे: मेसेज सगळ्यांच्या फोनवर पोचला की दोन राखाडी, सगळ्यांनी उघडला की दोन्ही निळ्या. ग्रुपात हे लपवताही येत नाही. फोन बंद पडून राहिला असता तर एकच खूण दिसली असती, आणि साधारण 120 दिवस वापरलं नाही तर खातंच पुसलं जातं. पण जूननंतर मी टाकलेल्या प्रत्येक मेसेजला दोन राखाडी येत होत्या. म्हणजे फोन चालू होता. त्या घरात कुणीतरी तो रोज चार्जिंगला लावत होतं.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती. मुहर्रकच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या गलबताचा फोटो मी ग्रुपवर टाकला. दुपारी माहितीत जाऊन पाहिलं: 52 जणांनी वाचलेला, एकाला नुसता पोचलेला. रात्री जेवून हात धुतले, फोन उचलला. दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.