एचपी चढाला, वजन उताराला

गवताच्या गोल गठ्ठ्याची भूमिती मोठी मजेशीर. १२० सेंटिमीटर व्यासाचा गठ्ठा घ्या. तो सगळीकडे सारखाच घट्ट आहे असं धरलं, तर त्यातलं निम्मं गवत बाहेरच्या जेमतेम १८ सेंटिमीटर थरात असतं! असे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे बेलरच्या, पोटात गवताची गुंडाळी सुरू होते तेव्हा ट्रॅक्टरला काही जाणवतही नाही. सगळा भार येतो तो शेवटी, चारशे किलोचं धूड दाबत दाबत फिरवताना. आणि नेमका तेव्हाच चढ लागला तर?

हिशेब करून बघू. ट्रॅक्टर ३६०० किलो, बेलर २०००, गठ्ठा ४००, एकूण ६०००. शंभर मीटरला पंधरा मीटर चढ, वेग ताशी ८ किलोमीटर. एवढं ओझं नुसतं वर न्यायला सुमारे २६ एचपी खर्ची पडतात. गवत गुंडाळायचे एचपी वेगळे, चाकं घसरण्यात वाया जातात ते वेगळे. सपाटीवर पन्नास एचपीत भागवणारा बेलर इथे पाऊणशेच्या पुढे मागतो. वेग निम्मा केला की चढाचा खर्चही निम्मा, म्हणजे १३ एचपी. मात्र गिअर खालचा टाकायचा, रेस कमी करायची नाही. बेलर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याचे, म्हणजे पीटीओचे, मिनिटाला ५४० फेरे टिकलेच पाहिजेत.

खरी गंमत पुढे आहे. उतरताना एचपी फारसे कामाचे नाहीत. त्याच उतारावर भरलेला बेलर ट्रॅक्टरला मागून सुमारे साडेतीनशे किलोच्या जोराने ढकलत असतो. त्यात ट्रॅक्टरचा भार मागच्या चाकांवरून पुढे सरकतो आणि खाली असतं निसरडं गवत. हलका ट्रॅक्टर, इंजिन कितीही दणकट असो, इथे आडवा फिरतो. चारही चाकं गिअरला जोडलेली असली तर इंजिनचा ब्रेक चारही चाकांना मिळतो.

गठ्ठा टाकतानाही पेच आहेच. ट्रॅक्टर उताराच्या दिशेने उभा असेल, तर मागचं दार उघडताच गठ्ठा गडगडत सुटणार. म्हणून उताराला आडवं वळून टाकायचा. मग त्याचा आस उताराच्या दिशेने राहतो आणि तो जागीच बसतो. पण ट्रॅक्टर कलंडायची भीती सर्वांत जास्त असते ती आडव्या चालीतच! त्यामुळे चाकांमधलं अंतर शक्य तेवढं रुंद हवं आणि गठ्ठा टाकायला त्यातल्या त्यात सपाट जागा आधीच हेरून ठेवायला हवी.

सुटलेला गठ्ठा वीस मीटर खाली पोहोचेपर्यंत, अडथळे सोडले तर, ताशी ५८ किलोमीटरचा वेग घेऊ शकतो. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात सप्टेंबर २०१० मध्ये असाच सुमारे ६०० किलोचा गठ्ठा टेकडीवरून येऊन रस्त्यावरच्या व्हॅनवर आदळला. त्यात ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ या रॉक बँडचे सुरुवातीच्या काळातले चेलोवादक माइक एडवर्ड्स यांचा मृत्यू झाला.

तेव्हा डोंगराळ रानासाठी ट्रॅक्टर बघायला जाल, तर विक्रेत्याला एचपीच्या आधी वजन विचारा, आणि लगोलग ब्रेकचं.