स्पार्क प्लग (मोटारसायकल)

स्पार्क प्लग हा पेट्रोल इंजिनाच्या ज्वलनकक्षात विद्युत ठिणगी पाडून हवा व इंधन यांचे मिश्रण पेटवणारा सुटा भाग आहे. तो वापराने झिजतो आणि ठरावीक अंतर धावल्यानंतर बदलावा लागतो. प्लगची किंमत इंजिनाच्या मानाने अल्प असते. मात्र तो ज्या सिलिंडर हेडमध्ये बसतो ते तुलनेने मऊ अशा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यामुळे अयोग्य प्लग निवडल्यास किंवा तो तिरका बसवल्यास होणारे नुकसान प्लगच्या किमतीच्या कित्येक पट असू शकते. उच्च वेगाने फिरणाऱ्या स्पोर्ट मोटारसायकलींच्या बाबतीत ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते.

इतिहास

एत्येन लन्वार यांनी १८६० साली तयार केलेल्या वायू इंजिनात विद्युत ठिणगीचा वापर केला होता. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीतील अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडणी विकसित केली. त्यामुळे वेगवान इंजिनांत खात्रीशीर प्रज्वलन शक्य झाले. पुण्याच्या बजाज ऑटोने २००३ साली पल्सर मोटारसायकलीत एकाच सिलिंडरला दोन प्लग असलेली रचना आणली. २०१५ सालच्या पल्सर आरएस २०० या मोटारसायकलीच्या एकाच सिलिंडरला तीन प्लग आहेत. अशा इंजिनांत सर्व प्लग एकाच वेळी बदलणे इष्ट असते.

रचना व कार्य

प्लगमध्ये मध्य विद्युदग्र, त्याभोवतीचा चिनी मातीचा विद्युतरोधक, आटे असलेले धातूचे कवच आणि कवचाला जोडलेले बाह्य विद्युदग्र हे मुख्य भाग असतात. प्रज्वलन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे रूपांतर हजारो व्होल्टमध्ये करते आणि दोन विद्युदग्रांमधील फटीत ठिणगी पडते. बहुतेक मोटारसायकलींत ही फट सुमारे ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. चार धावांचे इंजिन मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला १०० वेळा मिश्रण पेटवावे लागते. सततच्या ठिणग्यांनी विद्युदग्र झिजून फट रुंदावते. परिणामी इंजिन सुरू होण्यास वेळ लागतो, वेग घेताना ते अडखळते आणि इंधनाचा खप वाढतो.

निकेलच्या विद्युदग्रापेक्षा इरिडियमचे विद्युदग्र अधिक काळ टिकते. इरिडियमचा वितळणबिंदू सुमारे २,४०० अंश सेल्सियस आहे. त्याचे टोक अतिशय बारीक असल्याने ते तारेच्या ब्रशने घासू नये.

उष्णता श्रेणी

प्लग आपली उष्णता सिलिंडर हेडकडे किती लवकर पोहोचवतो, हे उष्णता श्रेणीवरून समजते. टोकाचे तापमान सुमारे ४५० अंशांच्या खाली राहिल्यास काजळी जळून जात नाही. ते सुमारे ८५० अंशांच्या वर गेल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू शकते आणि पिस्टनला भोक पडण्याचा धोका निर्माण होतो. एनजीके व डेन्सो यांच्या क्रमांकपद्धतीत मोठा अंक ‘थंड’ प्लग दर्शवतो, तर बॉश व चॅम्पियन यांच्या पद्धतीत मोठा अंक ‘उष्ण’ प्लग दर्शवतो. म्हणून केवळ अंक जुळवून एका कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा प्लग घेणे धोक्याचे असते. वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील क्रमांक प्रमाण मानावा.

बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू केले जाते, कारण गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढताना आटे खराब होऊ शकतात. अनेक स्पोर्ट मोटारसायकलींत प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी आवरणे, पेट्रोलची टाकी व एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा लागतो. अशा वेळी जागा हवेशीर असावी आणि जवळपास ज्योत नसावी. बॅटरीची ऋण जोडणी सोडल्यानंतर पुढील क्रम पाळला जातो.

१. प्लगभोवतीची धूळ व वाळू दाबाच्या हवेने उडवली जाते, अन्यथा प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते.
२. प्लगची टोपी किंवा कॉइल सरळ वर ओढली जाते. ती पेचकसाने उचकटू नये.
३. योग्य मापाच्या प्लग पान्याने प्लग सैल केला जातो. तो अडकल्यास थोडा मागे-पुढे फिरवून काढावा.
४. नव्या प्लगची फट फीलर गेजने तपासली जाते. खाली पडलेला प्लग वापरू नये. त्याच्या चिनी मातीला न दिसणारा तडा गेलेला असू शकतो.
५. प्लग प्रथम केवळ बोटांनी फिरवला जातो. सुरुवातीलाच अडथळा जाणवल्यास तो तिरका बसत आहे असे समजून बाहेर काढावा.
६. शेवटी टॉर्क पान्याने माहितीपुस्तिकेतील मापानुसार तो घट्ट केला जातो. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगसाठी हे माप साधारणतः १० ते १२ न्यूटन-मीटर असते. आट्यांना वंगण लावल्यास घर्षण घटते आणि पान्याने दाखवलेल्या मापापेक्षा प्लग प्रत्यक्षात अधिक आवळला जातो.

जुन्या प्लगचे निरीक्षण

काढलेला प्लग इंजिनाच्या अवस्थेची माहिती देतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक सामान्य ज्वलन दर्शवते. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन अधिक असणे किंवा एअर फिल्टर तुंबणे. ओले, तेलकट टोक पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याचे सूचित करते. पांढरे, फोड आलेले टोक अतिउष्णतेचे लक्षण आहे. अशा वेळी मूळ दोष दूर न करता केवळ प्लग बदलल्यास नवा प्लगही लवकरच खराब होतो.

संबंधित देखभाल

प्लगसाठी टाकी उचललेली असताना एअर फिल्टरही तपासणे सोयीचे असते. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन तेलातच बुडालेला असतो. त्यामुळे जासो एमए किंवा एमए२ प्रमाणाचे तेल वापरले जाते. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारगाडीचे तेल वापरल्यास क्लच घसरू शकतो. ओ-रिंग असलेली साखळी पेट्रोलने धुऊ नये, कारण त्याने रबरी कडी खराब होतात. ब्रेक द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेत असल्याने साधारणतः दर दोन वर्षांनी बदलला जातो. टायरमधील हवेचा दाब टायर थंड असताना मोजला जातो.