कीटकनाशकांचा सुलभ माहितीकोश

कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये केंद्रीय नोंदणी समितीने नोंदलेली कीटकनाशकेच देशात विकता येतात. प्रत्येकाची मान्यता ठरावीक पीक व कीड यांपुरतीच असते. समितीच्या याद्या मात्र औषधाच्या नावानुसार, इंग्रजीत आहेत. शेतकऱ्याचा शोध पिकावरील किडीपासून सुरू होतो. म्हणून संगणकीय माहितीकोशात पीक व कीड निवडताच मान्य औषध, मात्रा, फवारणी व काढणी यांतील अंतर, विषारीपणा दर्शविणाऱ्या त्रिकोणाचा रंग आणि प्रथमोपचार ही माहिती मराठीत मिळावयास हवी. एंडोसल्फानवर २०११ मध्ये बंदी आली; अशा बदलांची नोंदही तत्काळ होणे अगत्याचे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणीपूर्वी अचूक माहिती हाती असणे हे हातमोजे व मुखपट्टी यांइतकेच आवश्यक आहे.