चावी कारागीर आणि पुरवठादाराची निवड : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

लघु व्यवसायांच्या अभ्यासात उत्पादक, व्यापारी आणि ग्राहक या तीन घटकांचा विचार प्रामुख्याने केला जातो. बाजारपेठेच्या तोंडाशी लहानशी पेटी, शेगडा आणि कानशी घेऊन बसणारा चावी कारागीर या तिन्हींपैकी कोणत्याच चौकटीत नीट बसत नाही. तो कुलूप बनवीत नाही, पण कुलपाची अंतर्गत रचना त्याला उत्पादकाइतकीच अवगत असते. तो कोरी चावी, म्हणजे बाजारात जिला ‘ब्लँक’ म्हणतात ती, विकत घेतो आणि आपल्या श्रमाने तिला एका विशिष्ट कुलपाची चावी बनवतो. त्यामुळे तो एकाच वेळी खरेदीदारही असतो आणि सेवा देणाराही. हा माल कोणाकडून घ्यावा, कोणाचा दर परवडतो, कोण वेळेवर माल देतो आणि खराब निघालेला माल कोण परत घेतो, हे त्याच्या व्यवसायातील रोजचे प्रश्न आहेत. असे असूनही व्यवस्थापनशास्त्रातील ‘पुरवठादार निवड’ या विषयाची चर्चा बहुतेक वेळा मोठ्या कारखान्यांच्या खरेदी विभागापुरतीच मर्यादित राहते. प्रस्तुत लेखात हाच विषय सर्वांत लहान खरेदीदाराच्या बाजूने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

भारतीय कुलूप व्यवसायाची तीन ठळक केंद्रे सांगता येतात. उत्तर प्रदेशातील अलिगढ हे लहान कारखाने व घरगुती कारागिरी यांचे सर्वांत मोठे केंद्र होय. तमिळनाडूतील दिंडिगल येथील हातकुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. महाराष्ट्रात अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना सुरू केला. त्या नावाचा ठसा मराठी भाषेवरही उमटला आहे. पोलादी कपाट कोणत्याही कारखान्यात तयार झालेले असो, घराघरांत त्याला ‘गोदरेजचे कपाट’ म्हणण्याची रीत आहे, आणि चावी कारागिराकडे येणारे गिर्‍हाईकही ‘गोदरेजची चावी’ एवढेच सांगते. ती नेमकी कोणत्या बनावटीची आहे हे कारागिराला चावीच्या पन्हळी पाहूनच ठरवावे लागते.

महाराष्ट्रात चावी व कुलूप दुरुस्तीच्या कामात शिकलगार समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शस्त्रांना धार व झिलई देणे हा या समाजाचा मूळ व्यवसाय. तो मावळल्यावर हातातील धातुकामाचे कौशल्य सुऱ्या-कात्र्या, कुलपे आणि चाव्या यांकडे वळले. या कारागिरांना लागणारा माल मुंबईत लोहार चाळ, नागदेवी मार्ग यांसारख्या हार्डवेअरच्या घाऊक बाजारांतून आणि इतर शहरांत स्थानिक घाऊक व्यापाऱ्यांकडून मिळतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार व मोखाडा हे त्यातील डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके. येथे रेल्वे नाही. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर आहे आणि मुंबई त्याहून पुष्कळ दूर. वांगणीसारख्या गावात कुलपाची गरज शहरापेक्षा वेगळ्या कारणांनी निर्माण होते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात आणि घर काही महिने कुलपाच्या भरवशावर राहते. आश्रमशाळेत जाणाऱ्या मुलांच्या पत्र्याच्या पेटीलाही लहान कुलूप लागते. पावसाळ्याच्या तोंडावर परतलेल्या कुटुंबाचे कुलूप गंजलेले असेल किंवा चावी हरवली असेल, तर नवे कुलूप घेण्यापेक्षा चावी करून घेणे स्वस्त पडते. म्हणजे येथे मागणी थोडी, विखुरलेली आणि हंगामी असते. याचा पुरवठादाराच्या निवडीवर थेट परिणाम होतो.

दर आणि प्रत्यक्ष खर्च :

कोऱ्या चावीची गुणवत्ता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे पन्हळीची अचूकता. पन्हळ केसभर जरी जाड राहिली तरी चावी कुलपात शिरत नाही, आणि पातळ झाली तर आत डुगडुगते. दुसरी म्हणजे धातू. चांगल्या पितळेची चावी कानशीला व यंत्राला सहज वश होते आणि टिकतेही. पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी चावी दिसायला तशीच असते. ती लोहचुंबकाला चिकटते, म्हणून ओळखता येते. जस्ताच्या मिश्रधातूच्या चावीला मात्र चुंबकाची कसोटी लागू पडत नाही. ती ठिसूळ असते आणि कडक कुलपात फिरवताना मोडते. मोडलेला तुकडा कुलपातच अडकला, तर तो काढून देण्याची जबाबदारीही कारागिरावरच येते.

हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, ‘अ’ हा पुरवठादार कोरी चावी ८ रुपयांना देतो आणि ‘ब’ ११ रुपयांना. १०० चाव्यांमागे ‘अ’च्या १० चाव्या कापतानाच वाया जातात. उरलेल्या ९० पैकी ५ गिर्‍हाईक परत आणतात आणि त्यांना दुसरी चावी विनामूल्य करून द्यावी लागते. म्हणजे पैसे देणारी गिर्‍हाइके ८५. ‘ब’च्या २ चाव्या वाया जातात व १ परत येते, म्हणजे गिर्‍हाइके ९७. केवळ मालाचा हिशेब केला तर ‘अ’ची चावी ९.४१ रुपयांना आणि ‘ब’ची ११.३४ रुपयांना पडते. ‘अ’ अजूनही स्वस्तच ठरतो. आता वाया गेलेल्या प्रत्येक कामाच्या श्रमाचे मूल्य २० रुपये धरावे. ‘अ’ची अशी १५ कामे, म्हणजे ३०० रुपये. ‘ब’ची ३, म्हणजे ६० रुपये. तेव्हा ‘अ’चा दर १२.९४ रुपये आणि ‘ब’चा ११.९६ रुपये होतो, आणि क्रम उलटतो.

या उदाहरणातील आकड्यांपेक्षा त्यातील पायरी महत्त्वाची आहे. स्वतःच्या श्रमाला किंमत लावल्याशिवाय महाग पुरवठादार परवडतो हे दिसतच नाही. स्वयंरोजगार करणारा कारागीर बहुधा आपला वेळ खर्चात धरत नाही, म्हणून निकृष्ट माल त्याला दीर्घकाळ स्वस्त वाटत राहतो. यात अडाणीपणा नाही. ज्या दिवशी गिर्‍हाईकच नसते, त्या दिवशी त्याच्या तासाभराला खरोखरच बाजारात किंमत नसते. हंगामाच्या गर्दीत मात्र तोच तास मोलाचा असतो. त्यामुळे एकच पुरवठादार एका महिन्यात परवडणारा आणि दुसऱ्या महिन्यात न परवडणारा ठरू शकतो.

दरपत्रकांच्या तुलनेत कराचाही विचार करावा लागतो. कुलपे व चाव्या यांवर वस्तू व सेवा कराचा दर १८ टक्के आहे. १ एप्रिल २०१९ पासून केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यास महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला नोंदणी सक्तीची नाही. सेवांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. चावी कारागिराची उलाढाल या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी खाली असते. नोंदणी नसल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही आणि तो कर त्याच्या खर्चातच जमा होतो. एकाचे दरपत्रक करासहित व दुसऱ्याचे करविरहित असेल, तर १०० आणि ११० या दरांतील स्वस्त दर कोणता, याचे उत्तर दिसते त्याच्या उलट असू शकते.

सेवेचे निकष :

जी. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६६ मध्ये अमेरिका व कॅनडातील खरेदी अधिकाऱ्यांच्या पाहणीतून पुरवठादार निवडीचे २३ निकष महत्त्वाच्या क्रमाने मांडले. त्यात गुणवत्ता पहिली, वेळेवर पुरवठा दुसरा, पूर्वीच्या कामगिरीचा इतिहास तिसरा आणि किंमत सहावी होती. पुरवठादाराचे भौगोलिक स्थान २० व्या क्रमांकावर होते. उधारीच्या अटी हा स्वतंत्र निकष त्या यादीत नव्हताच. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागासाठी हा क्रम योग्य असेल, परंतु जव्हार येथील कारागिरासाठी शेवटच्या दोन गोष्टी यादीच्या माथ्यावर येतात.

स्थानाचा प्रश्न केवळ प्रवासखर्चाचा नाही. घाऊक व्यापारी डझनाच्या किंवा त्याहून मोठ्या पाकिटाने माल विकतो. शहरातील कारागिराचे एका प्रकारचे पाकीट काही दिवसांत संपते. डोंगराळ भागातील कारागिराला मात्र हातकुलपे, पोलादी कपाटे, मोटारसायकली अशा अनेक प्रकारांच्या थोड्या थोड्या चाव्या जवळ ठेवाव्या लागतात. प्रत्येक प्रकाराचे पूर्ण पाकीट घेतले तर भांडवल अडकते, आणि न घेतले तर लांबच्या पाड्यावरून चालत आलेले गिर्‍हाईक रिकाम्या हाताने परत जाते. ‘प्रत्येकी चार-चार द्या’ ही मागणी मान्य करणारा आणि माल एस.टी.च्या पार्सलने धाडणारा व्यापारी दोन रुपये जास्त घेत असला, तरी तो खऱ्या अर्थाने त्याचा साठाच सांभाळत असतो.

चिप असलेल्या मोटारगाड्यांच्या चाव्यांमध्ये सेवेचे महत्त्व आणखी वाढते. येथे केवळ चावी कापून भागत नाही, तर ती गाडीला ओळखवून द्यावी लागते. त्यासाठीचे उपकरण विकणारा पुरवठादार पुढे त्यातील आज्ञावली अद्ययावत करून देतो किंवा नाही, आणि काम अडल्यास दूरध्वनीवर मार्गदर्शन करतो किंवा नाही, यावर त्या खरेदीचे यशापयश ठरते.

माहितीचा शोध :

जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये ‘माहितीचे अर्थशास्त्र’ मांडताना, किमतींचा शोध घेण्यालाही खर्च येतो आणि शोधापासूनचा वाढीव लाभ त्या खर्चाइतका होईपर्यंतच ग्राहक शोध घेतो, असे दाखवून दिले. जव्हारच्या कारागिराने नाशिकचा दुसरा व्यापारी पाहायचा म्हटले, तर एका दिवसाची मिळकत आणि बसभाडे एवढा हा खर्च असतो. भ्रमणध्वनीने तो बराच कमी केला आहे, पण केवळ दराच्या बाबतीत. छायाचित्रावरून चावीचा आकार कळतो, पितळेचा कस कळत नाही. त्यामुळे दर विचारणे सोपे झाले आणि गुणवत्तेची खात्री मात्र पूर्वीइतकीच दूर राहिली. घरबसल्या मागवता येणाऱ्या ऑनलाइन मालाबाबत कारागिरांची जी साशंकता दिसते, तिला हे सबळ कारण आहे.

ही उणीव कारागीर परस्परांना विचारून भरून काढतात. ‘त्याच्या या लॉटचा माल मऊ निघाला’ हे एक वाक्य कोणत्याही दरपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते. येथे एक अडचण आहे. शेजारच्या पेठेतील कारागीर हा माहितीचा स्रोत असतो तसाच प्रतिस्पर्धीही असतो. खराब मालाबद्दलची सूचना तो मोकळेपणाने देतो, कारण तिने त्याचे काही जात नाही. स्वस्त व चांगल्या व्यापाऱ्याचा पत्ता मात्र जपून ठेवतो.

उधारी :

मोरोक्कोतील सेफ्रू येथील बाजाराचा अभ्यास करून क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी १९७८ मध्ये असे प्रतिपादन केले की, जेथे माहिती दुर्मिळ व अविश्वसनीय असते तेथे खरेदीदार व विक्रेता परस्परांशी कायमचे संबंध जोडतात. त्यांच्या मते हे नाते मालक-चाकराचे नसून बरोबरीचे असते व त्यात घासाघीस चालूच राहते. महाराष्ट्रातील बाजारपेठांतही ठरलेला व्यापारी व ठरलेले गिर्‍हाईक हे नाते परिचित आहे. परंतु त्यात उधारी शिरली की बरोबरी टिकत नाही. मागील बाकी असलेल्या कारागिराला खराब चाव्या परत करताना आवाज चढवता येत नाही आणि दुसरीकडे दर विचारायला जाणेही अवघड होते. थोडक्यात, तुलना करण्याचे स्वातंत्र्य रोखीने घेणाऱ्यालाच असते.

उधारीचा दर क्वचितच मोजला जातो. समजा, रोखीने ९५ रुपयांना मिळणारा माल महिन्याच्या उधारीवर १०० रुपयांना मिळतो. म्हणजे ९५ रुपयांवर महिन्याला ५ रुपये, अर्थात दरमहा ५.२६ टक्के आणि सरळव्याजाने वर्षाला सुमारे ६३ टक्के. पावतीवर व्याजाचा उल्लेख नसतो, म्हणून ते व्याज वाटत नाही. व्यापाऱ्याच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. लेखी तारणाशिवाय तो माल देतो व बुडीताचा धोका पत्करतो. बँक जे करत नाही ते तो करतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत कुलूप कारागिरांचा समावेश आहे. योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, दररोज ५०० रुपये विद्यावेतनासह प्रशिक्षण, आणि मूलभूत प्रशिक्षणानंतर ५ टक्के व्याजाने विनातारण कर्जाची तरतूद आहे. पहिला टप्पा १ लाख रुपयांपर्यंत व १८ महिन्यांच्या मुदतीचा, तर दुसरा २ लाखांपर्यंत व ३० महिन्यांचा. योजनेची चर्चा बहुधा अवजारांच्या पेटीभोवती फिरते. वरील विवेचनाच्या आधारे पाहता चावी कारागिराच्या दृष्टीने तिचा अधिक परिणामकारक भाग कर्जाचा आहे. शेगडा आणि कानशी त्याच्याजवळ असतातच, नसते ते रोखीने माल घेण्याचे बळ. ६३ टक्क्यांची उधारी ५ टक्क्यांच्या कर्जाने फेडता आली, तर बचत होतेच, शिवाय व्यापारी बदलण्याची मोकळीकही मिळते.

अर्थात १ लाखाच्या कर्जाचा १८ महिन्यांचा मासिक हप्ता सुमारे ५,८०० रुपये होतो. स्थलांतराच्या काळात गावे रिकामी असताना आणि भर पावसाळ्यात तो भरणे कठीण आहे. कर्ज पूर्ण रकमेचेच घ्यावे असे बंधन नाही. ३०,००० रुपये घेतल्यास हप्ता १,७५० रुपयांच्या आत राहतो. तेवढ्या रकमेतून जुनी बाकी फिटून दोन-तीन महिन्यांचा निवडक साठा रोखीने उभा राहतो किंवा नाही, याचे गणित प्रत्येक कारागिराच्या वहीनुसार वेगळे येईल. बहुतेकांकडे ती वही नसतेच. प्रशिक्षणाच्या दिवसांत खरेदीचा दर, वाया गेलेल्या चाव्या, परत आलेली कामे आणि बाकी एवढे चार रकाने मांडायला शिकवणे हे महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांना व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना सहज करता येण्यासारखे काम आहे.